गॅस गेलाय

फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस फ्रिजकडे धड न बघताच निदान सांगून मोकळा होतो : गॅस गेलाय. एसीवाल्याचेही तेच. तो गॅस कुठे गेला, केव्हा गेला, कोणत्या वाटेने गेला हे आपण विचारायचे नसते आणि त्याने सांगायचे नसते. पैसे मोजून गॅस भरून घ्यायचा, एक उन्हाळा गारव्यात काढायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच वाक्य पुन्हा ऐकायचे. या वाक्यावरचा माझा विश्वास पुण्यात असतानाच उडाला होता. तो परत बसला तो नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनच्या एका निवांत गल्लीत, शेजारच्या आजोबांच्या जुन्या फ्रेंच गाडीमुळे.

गाडी म्हणजे सित्रोएन जीएस. १९७० साली बाजारात आली आणि युरोपातली १९७१ची 'कार ऑफ द इयर' ठरली. हवेने थंड होणारे हजार सीसीच्या जरासे वरचे इंजिन, मध्यमवर्गाला परवडेल अशी किंमत, आणि खाली मात्र तोवर बड्या गाड्यांनाच मिळालेले सस्पेन्शन. नेदरलँड्समध्ये गाडीने चाळिशी ओलांडली की रस्ताकर माफ होतो. माणसाने चाळिशी ओलांडली की सगळे हप्ते एकदम सुरू होतात, पण ते असो. आजोबांची गाडी करमाफ आहे, आणि त्या आनंदात ते करापेक्षा कितीतरी जास्त पैसे तिच्यावर खर्च करतात.

रात्रभर उभी राहिलेली ही गाडी सकाळी पोट टेकवून बसलेली असते. इंजिन सुरू झाले की क्षणभर काहीच होत नाही. मग गोठ्यातली गाय उठते तशी ती उठते : आधी मागची बाजू, थोडा विचार, मग पुढची. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा खिडकीत चहाचा कप घेऊन तिने हे पाहिले आणि मला हाक मारली, "अरे, ही गाडी उठली बघ!" त्यानंतर रोज सकाळी ती त्याच वेळी खिडकीत असायची. आजोबांना ते कळले असावे, कारण तेही इंजिन सुरू करून जरा जास्त वेळ थांबू लागले.

या गाडीला स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा आहे, दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. गोळ्याच्या आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला हिरवे तेल. चाक उंचवट्यावर चढले की ते तेलाला ढकलते. तेल दबत नाही, तो त्याचा स्वभावच नाही. मग ते पडद्याला ढकलते आणि पडद्यापलीकडचा गॅस दबतो, परत फुलतो. गोळ्याच्या तोंडाशी बारीक छिद्रे आणि पातळ झडपा असतात, त्यातून जाता-येता तेलाचा वेग मोडतो, म्हणून गाडी झुलत बसत नाही. चार चाकांचे चार गोळे झाले. पाचवा इंजिनाजवळ असतो. त्याचे नाव ॲक्युम्युलेटर. पंपाने दाबलेले तेल तो साठवून ठेवतो आणि ब्रेकला, सस्पेन्शनला लागेल तसे देतो. म्हणजे पंपाला सतत धावावे लागत नाही, आणि इंजिन मध्येच बंद पडले तरी ब्रेकपुरता दाब शिल्लक असतो.

नायट्रोजन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पेट्रोल पंप येतो. "साहेब, नायट्रोजन भरू का?" असे विचारून पोरगा टायरच्या व्हॉल्व्हला हिरवी टोपी बसवतो आणि आपण काहीतरी परदेशी भरून घेतल्याच्या समाधानात घरी येतो. वास्तविक साध्या हवेतच शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन असतो. आपण तो दिवसभर आत घेतो आणि काहीही उपयोग न करता तसाच बाहेर सोडतो. गोळ्यांमध्ये मात्र उरलेल्या बावीस भागांचा प्रश्न जिवाशी येतो. त्यात ऑक्सिजन आहे, पलीकडे तेल आहे, मध्ये जेमतेम एक रबर आहे, आणि दाब टायरच्या कितीतरी पट. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. या यंत्रणेत पंप तेल चढवतो ते साधारण दीडशे ते पावणेदोनशे बारपर्यंत. पडदा फाटून इतक्या दाबात तेल आणि ऑक्सिजन भेटले तर ठिणगीची गरज पडत नाही, डिझेल इंजिन चालते ते याच तत्त्वावर. म्हणून इथे कंप्रेसरची हवा चालत नाही. आजोबांच्या शेडमध्ये नायट्रोजनचा सिलिंडर आहे, तो भिंतीला साखळीने बांधलेला आहे आणि त्या साखळीबद्दल ते विनोद करत नाहीत. एरवी ते सगळ्याबद्दल करतात.

हे सगळे ज्याच्या डोक्यातून निघाले तो पॉल माजेस. १९२५ साली, सतरा वर्षांचा असताना, तो सित्रोएनमध्ये लागला. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पुढे तिथे साहेब झालेले पिएर-ज्यूल बूलांजे यांना विचित्र मागण्या करायची सवय होती. शेतकऱ्याने अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून जावे आणि एकही अंडे फुटू नये, अशी गाडी करा, हे त्यांचेच. ती अंडी टू-सीव्ही नावाच्या गाडीच्या वाट्याला गेली, आणि तिने ती साध्या स्प्रिंगांवरच निभावली. माजेसचा गॅस आणि तेल १९५४ साली आधी एका जुन्या मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना मिळाले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस आली, चारही चाकांना गोळे लावून. पहिल्या दिवशी बारा हजार लोकांनी ती नोंदवली. रोलां बार्तसारख्या विचारवंताने तिच्यावर निबंध लिहून मोटारींची तुलना गॉथिक कॅथीड्रलांशी केली. १९६२च्या ऑगस्टमध्ये पेती-क्लामारला राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर बंदुका चालल्या. टायर फुटले, तरी चालकाने गाडी न थांबवता काढली आणि राष्ट्राध्यक्ष सुखरूप घरी पोचले. १९६५च्या सिल्व्हर शॅडोसाठी खुद्द रोल्स-रॉइसने या तंत्राचा परवाना घेतला. इंग्रजांनी फ्रेंचांकडून आराम विकत घ्यावा, हे सांगताना आजोबांचा चेहरा फुलतो. ते स्वतः डच आहेत, त्यामुळे दोघांवरही हसायला मोकळे.

तर हा गॅस जातो. खरोखर जातो. गळती नसते, भोक नसते, कोणाची चूक नसते. रबर कितीही चांगले असले तरी गॅसचे रेणू त्यातून हळूहळू पलीकडे पाझरतात, तेलात विरतात आणि टाकीपाशी पोचून हवेत मिसळतात. काही वर्षे लागतात. आणि गॅस कमी झाला तर गाडी खचायला हवी ना? खचत नाही. या यंत्रणेत उंची राखणारी एक झडप असते. गाडी जराशी खाली आली की ती गोळ्यात आणखी तेल सोडते. गॅस कमी झाला, त्याने व्यापलेली जागा आक्रसली, तेवढी तेलाने भरून काढली, गाडी होती त्या उंचीवर. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. गेलेली असते ती फक्त आतली दबण्याची जागा. चाक उंचवट्यावर चढते, तेल गॅसला ढकलायला जाते आणि तिथे गॅसच उरलेला नसतो.

चालवणाऱ्यालाही कळत नाही, ही त्याच्या पुढची पायरी. स्प्रिंग तुटली तर आवाज होतो, तारीख सांगता येते, बिलावर ती लिहिता येते. इथे रोज केसभर कडकपणा वाढतो आणि माणूस रोज केसभर सवय करून घेतो. आमच्या गल्लीत गतिरोधक फार आहेत, डच लोकांचा तो छंदच आहे. आजोबा ते आधी आरामात ओलांडत. मग जरा हळू जाऊ लागले. मग एका गतिरोधकाला वळसा घालून मागच्या रस्त्याने येऊ लागले. मग नगरपालिकेला पत्र लिहिले की हे गतिरोधक पूर्वीपेक्षा उंच केले आहेत काय. नगरपालिकेने सविनय उत्तर पाठवले की नाहीत.

निदान केले ते आईने. मधल्या काळात तिचे येणे झाले नव्हते. बऱ्याच वर्षांनी आली, सकाळी खिडकीत जाऊन गाडीचे उठणे पाहिले आणि समाधान पावली. दुपारी आजोबांनी आम्हाला बाजारापर्यंत सोडले. पहिल्याच गतिरोधकाला तिने माझा हात धरला. उतरल्यावर म्हणाली, "मागच्या वेळी ही अशी आपटत नव्हती रे. एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं झालं." आयुष्यभर सातारा-पुणे केलेल्या कमरेचे मत होते ते. मी ते आजोबांना भीत भीत सांगितले. त्यांना आधी राग आला. मग ते बाहेर गेले, गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून जोर लावला, आणि गाडी जागची हलेना. निरोगी जीएस अशा वेळी खाली जाते आणि सावकाश वर येते. आजोबा तसेच हात टेकून उभे राहिले.

त्या रात्री जेवताना आई मला म्हणाली, "तूही पूर्वी असा तडकत नव्हतास." मी तडकून म्हणालो की इथे गाडीचा विषय चालला आहे.

पुढचा शनिवार शेडमध्ये गेला. काम अवघड नाही, पण क्रम चुकवायचा नाही. आधी उंचीचा दांडा खालच्या टोकाला, मग रेग्युलेटरवरचा स्क्रू थोडा सैल करून सगळा दाब टाकीत सोडायचा. फुस्स असा एक लांब आवाज येतो. तो येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. गोळे आटे फिरवून बसवलेले असतात, पण दहा-पंधरा वर्षांचा गंज त्यांना आपलेच मानतो. साध्या पान्याने ते हलत नाहीत. साखळीचा पाना घालून, त्याच्या दांड्याला पाइपचा तुकडा जोडून, दोघांनी मिळून लोंबकळायचे. आजोबांचे वजन माझ्यापेक्षा जास्त, म्हणून लोंबकळायचे काम त्यांचे आणि "थांबा, थांबा, हलला" असे ओरडायचे माझे.

गोळा हातात आला तरी आत किती गॅस उरला आहे ते दिसत नाही. त्यासाठी त्यांनी एक साधन केले आहे : हाताने चालवायचा पंप, एक गेज आणि गोळा बसवायची जागा. पंप मारत राहायचे. सुई शून्यावर झोपलेली असते, एकाएकी उडी मारते आणि थबकते. त्यानंतर कितीही पंप मारा, ती सरपटतच वर जाते. जिथे थबकली तो आत उरलेल्या गॅसचा आकडा. ॲक्युम्युलेटरवर कारखान्याने ६२ बार कोरले होते. सुई चोविसावर थबकली. आजोबांनी तो आकडा खडूने गोळ्यावर लिहिला आणि काही बोलले नाहीत. पण पुढच्या डावीकडच्या गोळ्याचा आकडा त्याहून वाईट निघाला तेव्हा म्हणाले, "नगरपालिकेला माफीचे पत्र लिहावे लागणार."

आता प्रश्न, नवे गोळे का घेत नाही? मिळतात. जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम, झान्तिया, या सगळ्यांचे गोळे आजही मिळतात, घरपोच येतात. जुना देऊन नवा किंवा भरलेला न्यायचीही सोय आहे. खरे सांगायचे तर वेळेचा हिशेब लावला तर नवे घेणेच स्वस्त. मी तसे सुचवून पाहिले. आजोबांचे म्हणणे असे की गोळा पोलादाचा आहे, तो झिजलेला नाही. पडदा रबराचा आहे, तो फाटलेला नाही. गेला आहे तो गॅस, जो फुकट हवेतून येतो. मग नवे पोलाद कशाला? या युक्तिवादात सिलिंडरचे भाडे, गेज, शेड आणि शनिवार कुठेच येत नाहीत, हे मी लक्षात आणून दिले नाही. आपल्याकडेही घरोघरी असे हिशेब चालतात आणि त्यात बोलणाऱ्याला चहा मिळत नाही.

भरण्यासाठी गोळ्याच्या माथ्यावर एक छोटा स्क्रू असतो. त्यावर एक जाड पितळी डोके बसवायचे. त्याच्या आतून ॲलन की खाली स्क्रूपर्यंत पोचते, बाजूच्या नळीतून नायट्रोजन येतो. स्क्रू थोडा सैल करायचा, गॅस आत जाऊ द्यायचा, आकडा गाठला की स्क्रू परत आवळायचा. दाबाने गॅस तापतो, म्हणून घाईने मोजले तर आकडा फुगलेला दिसतो. गोळा गार होऊ द्यायचा, पुन्हा मोजायचे. याच वेळात डच लोक कॉफी पितात. स्क्रू सैल केल्यावर गॅसऐवजी हिरवे तेल बाहेर आले तर मात्र सगळे मुसळ केरात : पडदा फाटला आहे. सुरुवातीच्या डीएसचे गोळे दोन अर्धांचे असत, आटे फिरवून उघडता येत, पडदा बदलता येई. नंतरचे एकसंध आहेत, ते उघडत नाहीत. मागच्या उजव्या गोळ्यातून तेल आले. तो आता शेडचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला असतो, आणि त्याच्या जागी आजोबांनी, माझी नजर चुकवून, एक नवाकोरा आणला.

तेलाच्या रंगाचेही एक पथ्य आहे. डीएसमध्ये १९६६ पर्यंत लाल तेल होते. ते हवेतली ओल ओढून घेई आणि आतून गंजवी. मग हिरवे खनिज तेल आले. लाल तेलाच्या गाडीचे रबर हिरव्यात टिकत नाही आणि हिरव्याचे लालमध्ये, म्हणून गोळेही काळे आणि हिरवे असे निराळे रंगवलेले. जुन्या डीएसवाल्यांच्या मेळाव्यात लाल-हिरव्यावरून जे बोलले जाते ते ऐकून मला आपल्याकडच्या निवडणुकांमधला संयम जाणवला.

सगळे परत जोडले, इंजिन सुरू केले. ॲक्युम्युलेटर ठीक आहे की नाही हे कानाने कळते. दाब पूर्ण झाला की रेग्युलेटर 'टक' करतो आणि पंपाला मोकळे सोडतो. दाब उतरला की पुन्हा 'टक' आणि पंप कामाला. गॅस गेलेला असला तर तेल साठवायला जागाच नसते, मग हे टक-टक दोन-तीन सेकंदांना चालते आणि पंप बिचारा जुंपलेलाच राहतो. आजोबा बॉनेटशी कान लावून डचमध्ये मोजू लागले. तिसाच्या पुढे गेले तरी आवाज नाही. चाळिसाला त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मग त्यांनी आईला पुढच्या सीटवर बसवले आणि गल्लीतले सगळे गतिरोधक, वळसा न घालता, ओळीने ओलांडले. मला घेतले नाही. मागे वजन नको म्हणाले.

सित्रोएनने हे गोळे २०१७ पर्यंत लावले, सी-फाइव्हच्या शेवटच्या गाड्यांपर्यंत. २०२१ साली सित्रोएन भारतात आली ती गोळ्यांशिवाय, साध्या स्प्रिंगा आणि टोकाला दाब मुरवणारी छोटी हायड्रॉलिक योजना घेऊन. ज्या रस्त्यांना गोळ्यांची खरी गरज होती तिथे ते कधी सर्रास पोचलेच नाहीत. मुंबई-गोवा रस्त्याने पॉल माजेसला नेले असते तर त्याने सहावा गोळा शोधला असता.

पण तत्त्व पोचले आहे, भलत्याच वाटेने. परवा धाकट्या भावाचा कोथरूडहून फोन आला. मागे सारखे काहीतरी टक-घुर्र-टक, टक-घुर्र-टक वाजत होते. मी विचारले, हे काय?

"अरे दादा, गच्चीवरचा प्रेशर पंप. नळ जरा सोडला की चालू-बंद, चालू-बंद. प्लंबर म्हणतो मोटर गेली, नवीन टाकू."

मी म्हणालो, "पंपाशेजारी एक छोटी बंद टाकी आहे का? तिच्यावर टायरसारखा व्हॉल्व्ह आहे का? मोटर गेलेली नाही. टाकीतली हवा गेलीये."

फोनवर शांतता. हे वाक्य त्यानेही आयुष्यभर फ्रिजवाल्याकडून ऐकलेले आहे. मी समजावले की त्या टाकीत रबराचा फुगा असतो, एका बाजूला पाणी, एका बाजूला हवा. हवा पाझरून गेली की पाणी साठायला दबती जागा राहत नाही, म्हणून मोटर घडीघडी सुरू होते. पंप बंद कर, नळ सोडून पाण्याचा दाब उतरव, आणि मोटर ज्या दाबाला सुरू होते त्याच्या किंचित कमी दाबापर्यंत हवा भर. सायकलचा पंप पुरेल. त्याने पुतण्याचा सायकल पंप नेऊन भरली. टक-घुर्र थांबले.

आता बी विंगमधले लोक त्याला त्यांच्या गच्चीवर बोलावतात, आणि प्लंबर जिन्यात भेटला की तोंड फिरवतो. सोसायटीच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर कोणीतरी एक विषय घातला आहे : टाकीत साधी हवा भरावी की नायट्रोजन? पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणे नायट्रोजनच चांगला म्हणतो. भावाने मला सभेला फोनवरून हजर राहायला सांगितले आहे. मी आजोबांना विचारले, तर ते म्हणाले की पाण्याला हवा चालते, पण सिलिंडर घेणारच असतील तर आधी भिंतीला साखळी बसवायला सांग.